घड्याळ कुणाचं खरं?

सिनेमा चालू असताना आवाज गेला की आमच्या सोलापुरात आधी शिट्टी वाजते. मग कुणीतरी मागच्या खिडकीकडे मान वळवून ओरडतं, "ए, साउंड!" २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या एका थिएटरात 'इंटरस्टेलर' हा अंतराळावरचा इंग्रजी सिनेमा बघताना तसंच झालं. दोन यानं एकमेकांना नीट जोडली गेलेली नसताना तो हट्टी शास्त्रज्ञ मधलं दार उघडायला जातो, त्याचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटतं, ठिकऱ्या उडतात आणि काही क्षण पूर्ण शांतता पसरते. शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "गप की बे, तिथं हवाच नाही, आवाज येईल कुठनं?" शेजाऱ्याने ते पलीकडच्याला सांगितलं, पलीकडच्याने वळून मागच्याला. शिट्ट्या थांबल्या.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ध्वनीला जायला माध्यम लागतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलं दरवर्षी ते वहीत उतरवून घेतात. तेच वाक्य एका माणसाकडून दुसऱ्याकडे असं पळत जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा प्रसंग सांगितला तर एक सहकारी म्हणाले, "बघा, आपलं पब्लिक त्या लेव्हलचं नाहीच." त्यांच्या कानांत फक्त शिट्ट्याच राहिल्या होत्या. काही दिवसांत सिनेमा उतरला. थिएटरवाल्यांकडे चौकशी केली तर तिथेही हेच उत्तर मिळालं, असले सिनेमे इथे चालत नाहीत, लोकांना कळत नाहीत. तेव्हापासून हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की त्याला उत्तर देणं मला माझं काम वाटायला लागलंय. माझ्या मते ते खोटं आहे, आणि त्या खोट्याची किंमत आमची मुलं मोजतात.

त्या दिवशी या पब्लिकने आणखी काय काय केलं तेही सांगायला हवं. सिनेमात सुरुवातीलाच नायक आपल्या मुलांना गाडीत घालून शेतातून एका ड्रोनचा पाठलाग करतो. ते ड्रोन भारतीय हवाई दलाचं निघतं. दिल्लीचं नियंत्रण केंद्र बंद पडल्यावर वर्षानुवर्षं ते एकटंच आकाशात फिरत राहिलेलं असतं. 'इंडियन' हा शब्द ऐकताच थिएटर उसळलं. सप्टेंबरच्या २४ तारखेला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं होतं, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्या टाळ्यांमध्ये कुणाला अडाणी अभिमान दिसेल, मला त्यात ओळख दिसली. अंतराळ म्हणजे दुसऱ्यांची गोष्ट नव्हे, तिथे आपलंही काहीतरी फिरतंय, हे लोकांना माहीत होतं.

मग भेंडी. पृथ्वीवरची एकेक पिकं रोगाने संपत चालली आहेत, गहू गेला, आता भेंडीचंही हे शेवटचंच पीक, असं एक जण सांगतो. कुणीतरी हसलं. पण ताटं आणि पेले टेबलावर पालथे घालून ठेवलेले दिसले, धूळ बसू नये म्हणून, तेव्हा कुणी हसलं नाही. सिनेमाच्या सुरुवातीला म्हातारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून धुळीच्या आठवणी सांगतात. त्यांतली पहिली बाई अभिनेत्री आहे, पण इतर खरी माणसं आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातल्या शेतीची धुळीच्या वादळांनी कशी माती केली ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि एका माहितीपटासाठी त्यांच्या मुलाखती झालेल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात अशा मुलाखती घ्यायच्या तर १९७२ चा दुष्काळ काढला की पुरे. खडी फोडायला कोण कोण गेलं होतं, सुकडी कशी लागायची, हे सांगणारी माणसं अजून आहेत. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला जमीन आटत गेल्याची गोष्ट परकी कशी वाटेल? प्रकाशालाही सुटू न देणारं कृष्णविवर समजायला वेळ लागेल. पण माणसाला घर का सोडावं लागतं, हे सोलापूरला कुणी समजावून सांगायची गरज नाही. इथल्या कुठल्याही गल्लीत जा, घरटी एक पोरगं पुण्याला आहे.

आता 'कळला नाही' या तक्रारीकडे येते. ती खोटी नाही. मात्र ती फक्त आमची नाही. १९६८ साली कुब्रिकचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला तेव्हा कित्येक जण अर्ध्यातून उठून गेले होते, आणि त्या पहिल्या खेळांनंतर दिग्दर्शकाने सुमारे एकोणीस मिनिटांचा भाग स्वतःच कापला. आज तो चित्रपटाच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. 'इंटरस्टेलर'च्या वेळी खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले प्रेक्षक तक्रार करत होते की ऑर्गनच्या गडगडाटात संवाद ऐकूच येत नाहीत. दिग्दर्शक नोलन यांनी सांगितलं की ते मुद्दाम तसं केलंय. तिकडचा माणूस 'ऐकू आलं नाही' म्हणाला की ती सिनेमावरची टीका ठरते. सोलापूरचा माणूस तेच म्हणाला की ती त्याच्या अकलेची मोजणी होते. हा भेद मला सहन होत नाही.

मी माझ्या मुलांना वर्षानुवर्षं विचारत आले, नेमकं काय कळलं नाही? कृष्णविवराचं नाव फार थोडे घेतात. "डायलॉग गेले मॅडम," हे उत्तर सगळ्यांत जास्त. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली ही मुलं. अकरावीला गुरुत्वाकर्षणाचं ग्रॅव्हिटेशन होतं, वेगाची व्हेलॉसिटी होते, आणि पहिले चार महिने मुलं भौतिकशास्त्र सोडून इंग्रजीच शिकत असतात. तीच मुलं थिएटरात बसतात तेव्हा अर्धं डोकं उच्चार पकडण्यात जातं. उरलेल्या अर्ध्या डोक्याने काळ आणि अवकाश समजून घ्यायचे. तरीही पुष्कळ जण घेतात. त्यांच्या जागी एखादा परदेशी प्रेक्षक कल्पून बघा, ज्याला सापेक्षतेची गोष्ट कुणी कन्नडमधून, तीही नगारे बडवत सांगतंय.

गेल्या उन्हाळ्यात हे मला फार जवळून बघायला मिळालं. माझी एक विद्यार्थिनी शहराच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. तिच्या आजीला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. अक्का चाळीस वर्षं विड्या वळतायत. नातीने हट्ट धरला की अक्काला 'इंटरस्टेलर' दाखवायचा, आणि बाई, तुम्ही पण या. घरच्या टीव्हीवर लावला. अक्का मांडीवर सूप घेऊन बसल्या, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. त्यांची बोटं बघण्यासारखी असतात. पान घेतलं, तंबाखू घातली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा मारला. नजर पडद्यावर, हात सुपात. नात अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत सांगत होती. पडद्यावर धुळीने खोकणारं लहान पोर दिसलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "ह्यांचं पण असंच होतं." त्यांचे मालक लूमवर होते. कापसाच्या तुसाने छाती भरलेला माणूस त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला. इथे काही समजावून सांगायचं नव्हतंच.

पण त्याच्याही आधी तो पाण्याचा ग्रह आला होता. कृष्णविवराच्या इतका जवळ, की तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. पोरांना पृथ्वीवर ठेवून माणसांसाठी नवं घर शोधायला निघालेला तो नायक आणि त्याची मंडळी तिथे अडकतात आणि यानावर परत येतात तोवर वर थांबलेल्या साथीदाराची तेवीस वर्षं, चार महिने, आठ दिवस गेलेले असतात. बाप बसतो आणि तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एकामागून एक बघतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, मूल होतं. शेवटी मुलगी येते, आता बापाच्याच वयाची. अक्कांचे हात थांबले. अर्धी वळलेली विडी तशीच चिमटीत. किती वेळ गेला कोण जाणे, मग त्यांनी नातीला थांबवायला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. "ओ बाई, तेवढी वर्षं पोरीला पैसे कोण पाठवत होतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. एवढ्या वेळा सिनेमा बघून हा प्रश्न मला पडला नव्हता. नंतर त्यांनी दुसरा विचारला. "बापाचं घड्याळ एक तास म्हणतंय, पोरीचं सात वर्षं म्हणतंय. मग खरं कुणाचं?"

भौतिकशास्त्राच्या लोकांनी जरा थांबून हा प्रश्न वाचावा. आइन्स्टाइनच्या सिद्धांताचं दार इथेच आहे. माझ्या वर्गात आजवर कुणीही तो इतका सरळ विचारलेला नाही. वर्गात विचारतात तो प्रश्न वेगळा असतो, "हे परीक्षेला येणार का?" मी अक्कांना सांगायला लागले. जिथे ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, जास्त तिथे काळ सावकाश चालतो. हे सिनेमावाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. तुमचा नातू मोबाइलवर नकाशा बघत पार्सल पोचवतो ना, तो नकाशा वरच्या उपग्रहांवरच्या घड्याळांवर चालतो. ते उपग्रह पृथ्वीपासून दूर, म्हणून तिथे ओढ कमी, म्हणून घड्याळं पुढे पळतात. वेगामुळे थोडी मागेही पडतात, पण सगळा हिशोब करून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले अडतीस. ही चूक दुरुस्त केली नाही तर एका दिवसात नकाशा दहा किलोमीटरनं चुकेल. सात रस्ता चौकात उभ्या माणसाला तो पार शहराबाहेर दाखवेल. सिनेमात हाच फरक प्रचंड ताणलेला आहे, कारण ते कृष्णविवर प्रचंड आहे आणि भयंकर वेगाने फिरतंय. तो हिशोब किप थॉर्न नावाच्या शास्त्रज्ञाने केलेला आहे, ज्यांना पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. म्हणून अक्का, दोन्ही घड्याळं खरी.

"असं कसं," अक्का म्हणाल्या. चहा गार झाला तरी त्या वाद घालत होत्या. हे सगळं मी मराठीत सांगितलं आणि मधे मधे नात तेलुगूत. त्या दीड तासात, रोजच्या बोलण्यात मुरलेले शब्द सोडले तर, इंग्रजीचा एकच शब्द लागला, मायक्रोसेकंद.

माझं म्हणणं याच दीड तासातून निघतं. अवघड सिनेमा आणि लोक यांच्या मधे बुद्धीची भिंत नाही, भाषेची आहे. ती पाडता येते. आपण ती पाडत नाही, कारण आपण ठरवून टाकलंय की मराठी माणसाला हिंदी येतंच.

२०२२ साली 'अवतार'चा दुसरा भाग भारतात आला. इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड अशा सहा भाषांत. मराठी त्यांत नव्हती. आमच्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच बोळात ऐकू येतात, तेव्हा ही गोष्ट इथे नुसती वाचून सोडून देता येत नाही, दिसते. शेजारच्या तेलुगू घराची सोय झाली, पलीकडच्या कन्नड घराची झाली, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी घराला सांगितलं गेलं की तुम्ही हिंदीत बघा. आपण बघितलं. तक्रारसुद्धा केली नाही. कन्नडचं उदाहरण तर अधिकच बोलकं आहे. तिथे अनेक दशकं डबिंगला चित्रपटसृष्टीचाच विरोध होता. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निकाल दिला, आणि सात वर्षांत एवढा मोठा सिनेमा कन्नडमध्ये उभा राहिला.

शब्द नाहीत, असं कुणी म्हणू नये. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेल्या कथेचं नावच 'कृष्णविवर' होतं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून डॉ. जयंत विष्णु नारळीकरांनी ते घेतलं होतं. 'इंटरस्टेलर'च्या चाळीस वर्षं आधी मराठी वाचक कृष्णविवरापाशी पोचले होते, तेही जगातल्या एका मोठ्या खगोलशास्त्रज्ञाचं बोट धरून. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्यावर लेख खूप आले, आदरांजलीच्या सभा झाल्या. त्यांनी ज्या भाषेत हे सगळं बोलून दाखवलं, त्या भाषेत एक अंतराळाचा सिनेमा ऐकू यावा असं मात्र कुणी म्हणालं नाही. घटनाक्षितिज हा शब्द मोठ्याने उच्चारून बघा. जिथून पुढे काहीही घडलं तरी आपल्याला दिसणार नाही, अशी कड. 'इव्हेंट होरायझन' या मूळ इंग्रजी शब्दापेक्षा तो कमी आहे का?

विरोधातलं म्हणणं मी ऐकलेलं आहे आणि त्यातलं एक मला मानावं लागतं. मराठी सिनेमाला आधीच पडदे मिळत नाहीत. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सच्या प्राइम टाइमवरून केवढा वाद झाला. त्यात डब केलेले परदेशी सिनेमे मराठी म्हणून आले तर आमच्याच ताटातला घास जाईल, ही भीती उगाच नाही. म्हणून असे सिनेमे मराठी चित्रपटांच्या वाट्याच्या खेळांत मोजू नयेत, एवढं पक्कं करून घ्यावं. पण तो सिनेमा आज इंग्रजीत किंवा हिंदीत ती वेळ खातोच आहे. तोच मराठीत बोलला तर आणखी कुणाचा घास जाणार? उलट आमच्या नाट्यस्पर्धा गाजवणाऱ्या आवाजांना काम मिळेल. दूरचित्रवाणीवर दक्षिणेतले सिनेमे मराठी आवाजात लागतात आणि लोक आवडीने बघतात. मराठी डबिंग हास्यास्पद वाटतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा हास्यास्पदच वाटते, आणि हिंदी डबिंगही सुरुवातीला तसंच वाटायचं. निदान उपशीर्षकं तरी. ती अक्कांच्या उपयोगाची नाहीत हे मला माहीत आहे, त्यांना मराठी वाचता येत नाही. पण माझ्या वर्गातल्या साठ मुलांच्या नक्की उपयोगाची आहेत.

आणि ही गरज करमणुकीपुरती राहिलेली नाही. थॉर्न यांना ज्या लहरींसाठी नोबेल मिळालं, त्याच लहरी पकडणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी थरथर सुटते ती मराठवाड्याच्या जमिनीत मोजली जाईल. ज्यांच्या शेताशेजारी ती मोजली जाईल त्यांना ती कुठल्या भाषेत सांगणार?

डिसेंबर २०२४ मधला वाद मला आठवतो. 'इंटरस्टेलर' दहा वर्षांनी मोठ्या आयमॅक्स पडद्यावर पुन्हा येणार होता, पण ते पडदे 'पुष्पा २'ला गेलेले असल्याने तो भारतात लांबला आणि २०२५ च्या ७ फेब्रुवारीला लागला. मधल्या काळात काय काय बोललं गेलं! 'पुष्पा' बघणारे गावंढळ, 'इंटरस्टेलर' बघणारे सुसंस्कृत, अशी थेट वाटणी. माझ्या विद्यार्थिनीचं अख्खं घर 'पुष्पा २'ला गेलं होतं, तेलुगूत बघायला, आणि दोन दिवस त्याचेच संवाद म्हणत होतं. पुढे फेब्रुवारीत तीच मुलगी मैत्रिणींबरोबर पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली, कारण तेवढा मोठा पडदा सोलापुरात नाही, आणि 'इंटरस्टेलर' बघून रात्री परत आली. येताजाता पाचशे किलोमीटर. तिला यांतल्या कुठल्या डब्यात बसवायचं? तिने दोन्हीकडे शिट्ट्या मारल्या असतील अशी मला आशा आहे.

याच्या उलट एक गोष्ट मला काळजीत टाकते. या सिनेमाचं आता काही मुलांनी पदक करून छातीवर लावलंय. "तुला नाही कळणार तो," असं वर्गात एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला तेव्हा मी तास थांबवला. त्याला विचारलं, तुला काय कळलं ते सांग. त्याला संगीत कुणाचं ते माहीत होतं, सिनेमाला किती पुरस्कार मिळाले ते माहीत होतं. काळ सावकाश का होतो ते सांगता आलं नाही. त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं, पण तो लाजला. ज्याला कळलं नाही असं तो म्हणत होता, त्या मुलाने मात्र हात वर करून म्हटलं की शेवटी बाप पुस्तकांच्या कपाटामागून पोरीला खुणा करतो ते त्याला पटलं नाही, ओढूनताणून आणलेलं वाटलं. मलाही ते पटलेलं नाही. तीन तासांच्या आसपास विज्ञानाचा हात घट्ट धरून चाललेला सिनेमा शेवटी प्रेमाच्या बळावर उडी मारतो, तिथे माझा त्याच्यावरचा विश्वास सैल होतो. तरीही दरवेळी त्या ठिकाणी माझे डोळे भरतात. या दोन्ही गोष्टी एकाच प्रेक्षकाच्या असू शकतात, आणि त्या बोलून दाखवायला आपल्याकडे जागा हवी, वेळ हवा. सिनेमा संपल्यावर थिएटरच्या पायऱ्यांवर उभं राहून पंधरा मिनिटं भांडता आलं तरी पुरे. आपल्या भाषेत भांडता आलं तर जास्तच.

यंदा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, मोठ्या पाळण्याच्या रांगेत अक्का भेटल्या. नातवंडांना घेऊन आल्या होत्या. भोंगे एवढे होते की त्या काय बोलतायत ते आधी ऐकूच येईना. हाताला धरून मला बाजूला ओढलं, कानाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ते दोन्ही घड्याळं खरी म्हणालात ना तुम्ही त्या दिवशी, ते मला अजून पटलेलं नाही. घरी या एकदा, नीट बसून बोलू."